ब्रिज: बोलीत ऐकलेलं खेळताना वापरायचं कसं

पत्त्यांच्या जोडात ४० पॉइंट असतात (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) आणि प्रत्येक रंगाची १३ पानं. ब्रिजमधले बहुतेक निर्णय या दोन आकड्यांच्या वजाबाकीतून सुटतात. त्या वजाबाकीला लागणारी निम्मी माहिती पहिली उतारी व्हायच्या आधीच बोलीत मिळालेली असते. अडचण अशी, की नियम पाठ असलेले, वर्षानुवर्षं खेळणारे लोकही शेवटचा पास पडला की बोली विसरतात आणि डाव नव्याने, कोऱ्या पाटीवर खेळायला घेतात.

हा लेख नियम माहीत असलेल्यांसाठी आहे. पद्धत नेहमीची धरली आहे: मेजरमध्ये (इस्पिक किंवा बदाम) ओपनिंगला पाच पानं, १ नो ट्रम्प म्हणजे १५ ते १७ पॉइंट आणि समतोल हात, त्यावर स्टेमन (२ किलवर बोलून भिडूला चार पानी मेजर विचारणं) आणि जॅकोबी ट्रान्सफर (आपल्या लांब मेजरच्या खालचा रंग बोलून तो मेजर भिडूकडून बोलवून घेणं).

गेमला जायचं की थांबायचं

हॅरॉल्ड व्हँडरबिल्टने १९२५ साली काँट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धत बसवली. बोललेल्या ट्रिकांनाच गेमचा बोनस मिळणार, ही त्यातली कळीची गोष्ट. २ बदाम बोलून दहा ट्रिका केल्या तर १७० गुण मिळतात. ४ बदाम बोलून तेवढ्याच केल्या तर ४२०, आणि व्हल्नरेबल असाल (बोनस आणि दंड दोन्ही वाढलेले असतात ती स्थिती) तर ६२०. म्हणून भिडूने १ नो ट्रम्प उघडला की तुमच्यापुढे तीनच प्रश्न असतात: गेम आहे का, नाही का, की भिडूला विचारायला हवं?

भिडूचे १५ ते १७. गेमला दोघांचे मिळून साधारण २५ लागतात. तुमच्याकडे ७ असतील तर जास्तीत जास्त २४, म्हणजे थांबा. १० असतील तर कमीत कमी २५, म्हणजे जा. ८ आणि ९ हा विचारण्याचा पट्टा, आणि खरी कसोटी इथेच लागते. हे दोन हात बघा.

पहिला: इस्पिक ७ ३, बदाम राजा गुलाम १० ८ ५, चौकट एक्का ९ ४, किलवर ८ ६ २.

दुसरा: इस्पिक राणी गुलाम, बदाम गुलाम ८ ६ ४ २, चौकट राणी गुलाम ४, किलवर गुलाम ५ ३.

पॉइंट दोन्हीकडे आठच. पहिल्यात लांब रंग भरीव आहे, दश्शी-अठ्ठी गुलामाच्या मागे उभी आहेत, आणि बाहेर एक्का आहे. २ चौकट बोलून ट्रान्सफर करा आणि भिडूच्या २ बदामवर २ नो ट्रम्प बोला. याचा अर्थ: पाच बदाम, ८-९ पॉइंट, तुझं वरच्या टोकाचं असेल तर जा. दुसऱ्या हातात राणी-गुलाम दोन पानांच्या रंगात अडकलेत, पाच पानी रंगाला डोकं नाही आणि एक्का-राजा एकही नाही. इथेही ट्रान्सफर करा, पण २ बदामवर पास. दोन्ही हात सारखेच बोलणारा खेळाडू मोजतो, तोलत नाही.

ट्रान्सफरचा फायदा अनेकांना नुसता सोयीचा वाटतो. मुख्य फायदा असा, की १ नो ट्रम्पवाला हात झाकलेला राहतो आणि उतारी त्याच्या दिशेने येते. एक्का-राणी किंवा राजा-गुलाम अशा जोड्या त्या हातात असतात, आणि उतारी त्यांच्यावर आली तर एखादी ट्रिक आयती मिळते.

आता स्पर्धा कोणती, तेही बघायला हवं. टीमच्या सामन्यात दोन टेबलांवरच्या गुणांच्या फरकाचे इम्प (तक्त्यावरून ठरणारे सामन्याचे गुण) होतात. समजा दुसऱ्या टेबलावर विरोधी टीम २ बदामवर थांबली आहे. व्हल्नरेबल असताना तुम्ही ४ बदाम बोलून केलेत तर फरक ६२० वजा १७०, म्हणजे ४५०: १० इम्प. एक डाऊन गेलात (एक ट्रिक कमी पडली) तर तुमचे १०० गेले आणि त्यांना १४० मिळाले, फरक २४०: ६ इम्प. दहा कमवायला सहा लावायचे, म्हणजे शक्यता ३७.५ टक्क्यांच्या वर असली की गेम बोलणं फायद्याचं. व्हल्नरेबल नसताना हाच हिशेब ६ विरुद्ध ५ इम्प असा येतो आणि सीमा ४५ टक्क्यांवर जाते. जोड्यांच्या मॅचपॉइंट स्पर्धेत मात्र किती गुणांनी मागे पडलात याला किंमत नाही, किती जोड्यांच्या मागे पडलात याला आहे. तिथे निम्म्याहून जास्त शक्यता हवी. व्हल्नरेबल टीम-सामन्यात ८ पॉइंटवर कुरकुरत पास करणारे खेळाडू सामने तिथेच गमावतात, आणि शेवटी दोष एखाद्या फसलेल्या फिनेसला (मोठं पान सोयीच्या बाजूला असेल या भरवशावर लहान पानाने ट्रिक घेण्याच्या खेळीला) देतात.

पहिला डाव: बोली

दक्षिण ओपनर. त्याचा हात:

इस्पिक एक्का ७ ४
बदाम एक्का राजा ६
चौकट १० ७ ३
किलवर एक्का राणी ६ ४

एकूण १७, समतोल. १ नो ट्रम्प. उत्तरेकडे:

इस्पिक ८ ३
बदाम ९ ७ ५
चौकट एक्का राणी गुलाम ९ ४
किलवर राजा ८ २

१० पॉइंट आणि पाच चौकट. चौकटमध्ये गेम करायला अकरा ट्रिका लागतात, नो ट्रम्पमध्ये नऊ. चार पानी मेजर नाही, म्हणून स्टेमनची गरज नाही. सरळ ३ नो ट्रम्प. इथे फिरवून फिरवून चौकट दाखवणं म्हणजे विरोधकांना फुकटची माहिती देणं. सगळे पास.

उतारी

पश्चिमकडे इस्पिक राजा गुलाम ९ ५ २, बदाम राणी ८ ३, चौकट ८ ५, किलवर गुलाम ७ ३. लांब रंग इस्पिक, वरून चौथं पान ५. इस्पिकची पंजी.

रंग एवढा लांब असताना निवड सोपी असते. पण पश्चिमकडे चार पानी किलवर आणि चार पानी इस्पिक साधारण सारख्याच ताकदीचे असते तरी इस्पिकच काढायला हवं होतं. उत्तरेने स्टेमन न विचारता ३ नो ट्रम्प बोललं, म्हणजे त्याच्याकडे चार पानी मेजर बहुधा नाही. मायनर (चौकट किंवा किलवर) मात्र लांब असू शकतो. उलट १ नो ट्रम्प, २ किलवर, २ बदाम, ३ नो ट्रम्प अशी बोली झाली असती तर स्टेमन विचारणाऱ्याकडे बदाम नाहीत, म्हणजे चार इस्पिक आहेत. त्यात हात घालण्यापूर्वी दोनदा विचार करा.

हुकमाच्या काँट्रॅक्टवर उतारीचे नियम बदलतात. तिथे एक्का असलेल्या रंगातून छोटं पान काढू नका. डिक्लेअररकडे (काँट्रॅक्ट खेळणाऱ्याकडे) एकटा राजा निघाला तर तुमचा एक्का कायमचा जातो. राजा-राणी-गुलाम किंवा राणी-गुलाम-दश्शी अशी साखळी असेल तर वरचं पान. हुकमाचीच उतारी कधी? १ इस्पिक, १ नो ट्रम्प, २ बदाम, पास अशी बोली झाली आणि तुमच्याकडे चार चांगले इस्पिक असतील, तेव्हा. डमीकडे (डिक्लेअररचा भिडू, ज्याची पानं उघडी मांडली जातात) इस्पिक कमी आहेत हे त्याने सांगितलंय. डिक्लेअरर इस्पिक डमीत कापणार, म्हणून डमीचे हुकूम आधीच संपवा.

पहिला डाव: खेळ

डमी उघडली की हात लगेच डमीच्या पानाकडे जातो. तो आवरा. पहिल्या ट्रिकला डमीचं पान मागण्याआधी घेतलेला वेळ कोणाला खटकत नाही. मधेच थांबून घेतलेला वेळ मात्र दोन्ही डिफेंडरांना काहीतरी सांगून जातो.

नो ट्रम्पमध्ये आधी खात्रीच्या ट्रिका मोजा. इस्पिक १, बदाम २, चौकट १, किलवर ३. सात. दोन कमी. त्या चौकटमधून येणार: राजा कुठेही असला तरी चार ट्रिका नक्की, पश्चिमकडे असला तर पाच. फिनेस फसली तरी १ + २ + ४ + ३ = १० होतात. मग भीती कसली? राजा पूर्वेकडे निघाला आणि त्याच्याकडे इस्पिक शिल्लक असला तर पश्चिम उरलेले सगळे इस्पिक वसूल करणार.

आता उतारीची वजाबाकी. चौथं पान काढलंय असं धरलं की अकरातून त्या पानाचा आकडा वजा करायचा: ११ − ५ = ६. पंजीहून मोठी सहा पानं बाकीच्या तीन हातांत आहेत. डमीत अठ्ठी, तुमच्याकडे एक्का आणि सत्ती. उरली तीन, ती पूर्वेकडे. पंजीहून लहान पानांपैकी तिर्री डमीत आणि चव्वी तुमच्याकडे. फक्त दुर्री दिसत नाही. ती पश्चिमने टाकली तर त्याच्याकडे पाच इस्पिक होते, हे नक्की.

पहिली ट्रिक: डमीची तिर्री, पूर्वची राणी, तुमची चव्वी. घेऊ नका. पूर्व दश्शी परत करतो, तुम्ही सत्ती, पश्चिम दुर्री, डमीची अठ्ठी. पश्चिमचे पाच ठरले, पूर्वचे तीन. तिसऱ्या वेळी पूर्व छक्की खेळतो. आता एक्का घ्या आणि डमीतून बदामची पंजी फेका. पूर्वचे इस्पिक संपले.

किती वेळा सोडायचं याला एक सोपा हिशेब आहे: सातातून दोन्ही हातांतली मिळून त्या रंगाची पानं वजा करा. इथे ७ − ५ = २. दोनदा सोडा, तिसऱ्यांदा घ्या.

मग चौकटची दश्शी खेळा आणि डमीतून चव्वी द्या. पूर्व राजाने घेतो. इस्पिक त्याच्याकडे नाही. त्याने काहीही परत केलं तरी तुमच्या दहा ट्रिका उभ्या आहेत. तोच एक्का पहिल्या ट्रिकला घेतला असता तर पूर्वने राजा घेऊन इस्पिक परत केला असता आणि चार इस्पिक अधिक एक चौकट मिळून पाच ट्रिका गेल्या असत्या. एक डाऊन.

इस्पिक चार-चार निघाले असते तर? तीन इस्पिक आणि एक चौकट, चारच जातात. काँट्रॅक्ट तरीही होतं.

मॅचपॉइंटवाले इथे हटकून विचारतात की सोडल्याने जादा ट्रिक जात नाही का. जाते, पण कधी? चौकटची फिनेस यशस्वी व्हायला हवी आणि किलवर तीन-तीन वाटले जायला हवेत, तेव्हा बारा ट्रिका होऊ शकतात आणि तुम्ही अकरावर राहता. ५० टक्के गुणिले ३५.५ टक्के, म्हणजे अठरा टक्क्यांच्या आसपास. तेवढ्यासाठी काँट्रॅक्ट पणाला लावणं जोड्यांच्या स्पर्धेतही परवडत नाही.

सोडण्याचीही सवय अंगात मुरू देऊ नका. तीन ठिकाणी ती घातक ठरते. एक, दुसरा एखादा रंग याहून उघडा असेल आणि पूर्व तिकडे वळला तर. दोन, तुमच्याकडे एक्का-गुलाम-दश्शीसारखं काही असेल आणि लगेच घेतल्याने दुसरा अडसर तयार होत असेल तर. तीन, नऊ ट्रिका हातात तयारच असतील तर.

आणखी एक: हाच डाव उलटा असता, म्हणजे एक्का-राणी-गुलाम तुमच्या हातात आणि १० ७ ३ डमीत, तर फिनेस फसल्यावर राजा पश्चिमकडे असता. लांब इस्पिक त्याच्याकडेच. तेव्हा पाच पानांच्या इस्पिकपुढे सोडून काही मिळत नाही, फिनेस यशस्वी व्हावीच लागते. एखादा रंग दोन्ही बाजूंनी फिनेस करता येत असेल तर मात्र निवड तुमच्या हातात असते. राणी कुठे आहे याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा, फसली तर ट्रिक कोणाकडे जावी हे आधी ठरवा आणि फिनेस त्या बाजूने करा.

दोन संधी असतील तर क्रम

किलवर एक्का-राजा-राणी-२ समोर ५ ४ ३, शिवाय दुसऱ्या रंगात एक फिनेस, आणि तुम्हाला हवी एकच जादा ट्रिक. फिनेस आधी घेतली आणि फसली, आणि विरोधकांनी तेवढ्यात तुमचा डाव मोडला, तर तीन-तीनची संधी तपासायलाच मिळत नाही. आधी तिन्ही किलवर वाजवा. सहा पानं तीन-तीन वाटली जायची शक्यता ३५.५ टक्के. नाही वाटली गेली तर फिनेस, ५० टक्के. दोन्ही मिळून जवळपास ६८ टक्के. चार-दोन वाटणी ४८ टक्के वेळा होते हेही ध्यानात असू द्या. सहा पानं समान वाटली जातील असं धरून चालणं ही नेहमीची चूक. पाच पानांची तीन-दोन वाटणी मात्र ६८ टक्के वेळा होते. चार पानांची गंमत उलटी: तीन-एक जवळपास ५० टक्के, दोन-दोन ४१.

हुकमाचं काँट्रॅक्ट: हुकूम कधी काढायचे

इथे मोजणी जाणाऱ्या ट्रिकांची करा, आणि ती लांब हुकमाच्या हातातून. जाणाऱ्या ट्रिका परवडण्याइतक्याच असतील तर हुकूम काढा आणि मोकळे व्हा. जास्त असतील तर त्या कुठे जिरवायच्या ते आधी ठरवा. हातात पाच हुकूम, डमीत तीन. बाजूच्या रंगात हातात एक्का ८ ५ आणि डमीत एकटी सत्ती. एक्का वाजवा, दोन छोटी पानं डमीत कापा, मग हुकूम. आधी तीनदा हुकूम काढले की डमी रिकामी आणि दोन ट्रिका गेल्या. आखूड बाजूला कापल्याने ट्रिका वाढतात. लांब बाजूला कापल्याने सहसा वाढत नाहीत, कारण ती पानं ट्रिका करणारच होती.

दुसरा डाव: पासचा अर्थ

डीलर पूर्व, आणि तो पास करतो. एवढं लक्षात ठेवा. दक्षिण १ इस्पिक, पश्चिम पास, उत्तर ३ इस्पिक (चार पानांचा आधार, १० ते १२ पॉइंट), दक्षिण ४ इस्पिक.

डमी, उत्तर:
इस्पिक राजा १० ८ ४
बदाम राणी ७ ३
चौकट एक्का गुलाम ५
किलवर गुलाम ९ २

तुम्ही, दक्षिण:
इस्पिक एक्का राणी गुलाम ७ ३
बदाम ८ ४
चौकट राजा १० ४
किलवर राजा राणी ६

पश्चिमची उतारी बदामचा गुलाम. जाणाऱ्या ट्रिका: बदाम दोन, किलवरचा एक्का एक, आणि चौकटची राणी सापडली नाही तर चौथी. तीन परवडतात. सगळा डाव चौकटच्या राणीवर येऊन ठेपलाय, आणि ती दोन्ही बाजूंनी फिनेस करता येते. म्हणूनच चौकटला सगळ्यात शेवटी हात लावायचा.

डमीतून बदामची राणी द्या. पूर्वचा राजा. पूर्व एक्का वाजवतो आणि तिसरा बदाम खेळतो. इस्पिकच्या गुलामाने कापा. तिर्रीने कापण्याची काटकसर नको: बाहेरचा सर्वांत मोठा हुकूम नव्वी आहे, तुम्हाला मोठी पानं उतू जाताहेत, आणि पश्चिमचे बदाम संपले असतील तर तो छोट्या हुकमावर चढेल.

एक्का आणि राजाने हुकूम काढा. दोघेही दोन्ही वेळा इस्पिक देतात. आता लगेच चौकट नाही. किलवरचा राजा खेळा. पूर्व एक्क्याने घेतो आणि किलवर परत करतो.

इथे थांबा आणि बेरीज करा. पूर्वने बदामचे एक्का-राजा दाखवले, ७. किलवरचा एक्का, ४. झाले ११. त्याच्याकडे चौकटची राणी असती तर १३ होतात, आणि १३ पॉइंटवर तो पहिल्या जागेवर पास करणार नाही. राणी पश्चिमकडे. चौकटचा राजा वाजवा, मग चव्वी डमीकडे खेळून गुलाम घाला.

या डावात चौकटची वाटणी पश्चिमकडे तीन (राणी ७ ३) आणि पूर्वकडे चार (९ ८ ६ २) अशी आहे. पानं मोजून ‘लांब हातात राणी असण्याची शक्यता जास्त’ या नियमाने गेलात तर पूर्ववर फिनेस कराल आणि बुडाल. तो नियम चांगला आहे, पण पॉइंटांचा पुरावा समोर असताना त्याच्याकडे जायचं कारण नाही.

किलवरचा एक्का पश्चिमकडे निघाला असता तर? पूर्वचे सातच दिसले असते, राणी धरून नऊ, आणि नऊवर पास अगदी साधा. तेव्हा बोली काही सांगत नाही आणि पानं मोजण्याचा नियम कामी येतो. किलवर आधी खेळण्याचं कारण हेच: ती ट्रिक केव्हातरी जाणारच होती, मग ती देताना उत्तर विकत घ्या.

चलाख पूर्व एक्का लपवायचा प्रयत्न करेल. राजाने पहिली ट्रिक घेऊन बदामची दुर्री परत करेल, पश्चिम दश्शीने घेईल आणि तिसरा बदाम खेळेल. एक्का दिसलाच नाही. पण पश्चिमने हुकमाच्या काँट्रॅक्टवर बदामचा गुलाम काढला होता. एक्का असता तर तो त्याच्याखालून गुलाम काढत नाही. एक्का पूर्वचाच धरा, बेरीज तीच येते.

दोन सावधगिऱ्या. पूर्व तिसऱ्या जागेवर नव्हता. तिसऱ्या जागेवर काही जोड्या दहावरही उघडतात आणि तिथला पास आणखी कमी पॉइंट सांगतो. आणि काही जोड्या पहिल्या जागेवरही ११ वर सर्रास उघडतात. त्यांचं कन्व्हेन्शन कार्ड (बोलीच्या पद्धतीचं पत्रक) बघा किंवा तुमची पाळी असताना विचारा. अशा जोडीचा पास म्हणजे ११ सुद्धा नाहीत, मग बेरीज दोन पॉइंट आधीच उत्तर देते.

हीच बेरीज डिफेंडरच्या बाजूने

पहिल्या डावाकडे वळा आणि पूर्वच्या खुर्चीत बसा. तुमच्याकडे इस्पिक राणी १० ६, बदाम गुलाम १० ४ २, चौकट राजा ६ २, किलवर १० ९ ५. सहा पॉइंट. डमीत दहा. डिक्लेअररने १५ ते १७ सांगितलेत. ४० मधून वजा करा: भिडूकडे ७ ते ९.

इस्पिकच्या तीन फेऱ्या झाल्या, चौकटच्या राजाने तुम्ही ट्रिक घेतलीत. भिडूकडे इस्पिकचा राजा-गुलाम आहेत, ४. बाकी ३ ते ५, म्हणजे बाहेर एक एक्का असू शकतो. त्याला हातात आणल्याशिवाय त्याचे दोन इस्पिक वाजत नाहीत. तो एक्का बदामचा की किलवरचा? डमीत किलवर राजा ८ २, बदाम ९ ७. डमी तुमच्या उतारीवर शेवटी खेळते, म्हणून तिच्या कमकुवत रंगात जा: बदामचा गुलाम. पश्चिमकडे बदामचा एक्का असता तर तो आणि दोन इस्पिक मिळून काँट्रॅक्ट दोन डाऊन. इथे तो दक्षिणकडे आहे, त्यामुळे दहा ट्रिका होतातच. पण ‘दिसेल ते परत’ म्हणून चौकट किंवा किलवर खेळला असतात, तर जिथे बुडवता येतं तो डावही सुटला असता.